टेबलाचे पाय कापणारे अंबादासमामा

अंबादासमामा माणसाच्या तोंडाकडे बघत नाहीत. आधी कोपर बघतात.

नवा माणूस भेटला की लोक नाव विचारतात, गाव विचारतात. मामा काही विचारत नाहीत. एक डोळा बारीक करून समोरच्याचं कोपर बघतात, मग मनगट, मग खांदा, आणि वेळ उरलाच तर चेहरा. आमच्या गल्लीतल्या एका लग्नात नवरा-नवरी स्टेजवरच्या सिंहासनासारख्या खुर्च्यांत बसले होते. लोक वर जात होते, पाकीट देत होते, फोटो काढून खाली उतरत होते. मामा वर गेले आणि त्यांनी नवरदेवाचा हात हातात घेतला. सगळ्यांना वाटलं, आशीर्वाद देतायत. मामा म्हणाले, "खुर्चीचं हात लई उंच हाय. खांदं कानाला लागायलंत तुमचं. रात्रीपर्यंत मान धरतंय बघा." आणि बुडाखाली घालायला उशी आणेपर्यंत ते स्टेजवरून हलले नाहीत. मागची रांग जेवणाच्या मांडवापर्यंत गेली. पुढे अल्बम आला, तेव्हा जवळपास निम्म्या फोटोंत नवरा-नवरीच्या मधे मामा होते.

"सेटिंग चुकलंय" हे त्यांचं आवडतं वाक्य. कुणाची पाठ दुखली, सेटिंग चुकलंय. शिंप्याची मान अवघडली, सेटिंग चुकलंय. "माणूस खराब नसतंय हो," ते सांगतात, "सेटिंग खराब असतंय."

हे सेटिंग आलं कारखान्यातून. मामांनी जवळजवळ चाळीस वर्षं यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर म्हणून काम केलं. जॉबर म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारा आणि नवा माग बसवला की तो नीट लावून देणारा माणूस. त्यांची मातृभाषा तेलुगू. मराठी ते शिकले मागांच्या खडखडाटात, त्यामुळे ती थोडी मोठ्या आवाजातली आहे आणि तिच्यात सगळी सृष्टी नपुंसकलिंगी आहे. बायको येतंय, जावई जातंय, आणि बँकेतलं मॅनेजर ओरडतंय. ते मॅनेजर ओरडलं, कारण मामांनी पैसे काढायला म्हणून जाऊन कॅशियरला काउंटरच्या आतून उठवलं होतं आणि त्याच्या स्टुलाखाली स्वतःची पिशवी घडी करून घातली होती. पुढच्या महिन्यात तोच मॅनेजर गल्लीत मामांचं घर विचारत आला. त्याची कंबर धरली होती.

मामा आमच्या खालच्या घरात राहतात. शुक्रवार पेठेतलं आमचं घर जुन्या पद्धतीचं, वर आम्ही, खाली ते. दोन वर्षांपूर्वी ते दोघं नवरा-बायको राहायला आले, तेव्हा मामा जिन्यात पहिल्यांदा भेटले. मी भाजीची पिशवी घेऊन चढत होते. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली आणि बाजूला झाले. मला वाटलं, शांत माणूस आहे.

माझं काम म्हणजे ध्वनिमुद्रणं ऐकायची आणि टाईप करायची. भाषणं, मुलाखती, कुठल्या तरी बैठका. ऑफिस पुण्याला, मी सोलापुरात, मधे इंटरनेट. दिवसाचे आठ-नऊ तास बोटं चालू. मागच्या हिवाळ्यात उजव्या हाताला मुंग्या यायला लागल्या. आधी दुर्लक्ष केलं. मग मनगट ठणकायला लागलं. मग एक दिवस भाकरी थापता थापता हात असा लुळा पडला, की अर्धी भाकरी परातीत आणि अर्धी ओट्यावर. माझे मिस्टर मल्लिनाथ दुधनीचे, भाकरीशिवाय त्यांचं जेवण होत नाही. त्यांनी दुकानातून कडक भाकरीचं पाकीट आणलं आणि माझा हात बरा होईपर्यंत तेच कुरकुर चावत राहिले. त्या आवाजानं मला जास्त त्रास व्हायचा.

डॉक्टरांनी मनगटाला पट्टा दिला आणि स्पष्ट सांगितलं, "बाई, औषधानं सूज उतरेल, पण तुम्ही बसता तशाच बसलात तर हे परत येणार. पुढं ऑपरेशनपर्यंत जाईल, नाहीतर काम सोडावं लागेल."

काम सोडायचं म्हणजे काय, हे ज्यानं घरात बसून स्वतःचं काम उभं केलंय त्यालाच कळेल. मी घाबरले. घाबरलेला माणूस जे करतो तेच मी केलं, महागडी खुर्ची मागवली.

ती खोक्यातून तुकड्या-तुकड्यांत आली. मी आणि मल्लिनाथनी रविवारची अख्खी सकाळ घालवून ती जोडली, तरी दोन स्क्रू उरले. खुर्चीला चाकं होती, दांडे होते, पाठीला जाळी होती, डोकं टेकायला उशी होती. चार दिवस तिच्यावर बसून काम केलं. मनगट होतं तसंच राहिलं आणि वर मान दुखायला लागली.

पाचव्या दिवशी सकाळी दारात मामा. मला वाटलं, चाकांचा आवाज खाली जातो म्हणून तक्रार करायला आलेत.

"माफ करा मामा, आजच खाली सतरंजी टाकते," मी म्हणाले.

"आवाजाचं सोडा की." ते खुर्चीभोवती एक चक्कर मारून आले. "चाक दर दोन मिनिटाला हलायलंय. खालून ऐकतो मी. माणूस बरं बसलं तर एवढं कशाला हलतंय? दाखवा, कसं बसता."

मी बसून दाखवलं.

"असं न्हाय. काम करा. बंद मागाला जॉबर हात लावत नसतंय. चालवा."

मी कानाला हेडफोन लावून टाईप करायला लागले. मामा मोडा घेऊन बाजूला बसले आणि बघत राहिले. अर्धा तास. एक तास. मी चहा विचारला, ते नको म्हणाले. मधेच त्यांनी खिशातून गाठी मारलेला एक पांढरा दोरा काढला. त्याच्या टोकाला पितळेचा छोटा ओळंबा होता. तो माझ्या कोपरापासून खाली सोडून, गाठी मोजून परत खिशात घातला. त्या दिवशी ते एवढंच करून गेले.

दुसऱ्या दिवशी माझी ऑनलाइन मीटिंग चालू असताना ते आले. दार उघडंच होतं. मी हातानं "थांबा" अशी खूण केली, त्यांनी ती "या" अशी घेतली आणि माप घ्यायला सरळ टेबलाखाली शिरले. मी महिन्याच्या कामाचे आकडे वाचून दाखवत होते. पुण्याच्या मॅडम मधेच म्हणाल्या, "संगीता, तुझ्या टेबलाखाली कुणी आहे का गं?"

"हो मॅडम," मी म्हणाले, "खालच्या घरातले मामा आहेत."

हे बोलून झाल्यावर माझ्या लक्षात आलं, की यानं काहीच खुलासा होत नाही.

तेवढ्यात मामा माझ्या खुर्चीच्या बाजूनं वर आले आणि पडद्याजवळ डोळे नेऊन बघायला लागले. "नमस्कार. मॅडम, जरा मागं सरका की. कोपर दिसंना."

मॅडम आमच्या कडक. उशिरा आलेल्या फाईलीला त्यांनी कधी माफ केलेलं नाही. त्या मागे सरकल्या.

मामांनी बघितलं, मान हलवली. "तुमचं सेटिंग तर ताईंच्यापेक्षा बेकार हाय. करंगळीला मुंग्या येतात न्हवं?"

मॅडमनी आपली करंगळी दाबून बघितली. मग मॅडम हळूच म्हणाल्या, "येतात."

त्यानंतर मीटिंग कामाची राहिलीच नाही. सात जणांनी आपापली कोपरं दाखवली. एकानं तर स्टुलावर चढून पाय दाखवले. मामा एकेकाला सांगत गेले, "तुमी उशी घ्या. तुमी खिडकीकडं पाठ करा. तुमी, चष्मावालं, तुमी आधी दाढी करा, गळा दिसंना."

मीटिंग संपल्यावर त्यांनी माझा निकाल सांगितला. "खुर्ची बरं हाय. टेबल उंच हाय. म्हणून मनगट वर मोडतंय, खांदं उचलतंय. आणि हे तुमचं मशीन." त्यांनी लॅपटॉप मिटून उघडून दाखवला. "हे बनवणाऱ्याला डोकं हाय, कोपर न्हाय. डोळ्याला पडदा वर पायजे. हाताला बटणं खाली पायजे. दोन्ही एका बिजागरीला जोडून ठेवलंय. कसं जमतंय? बटणाची पाटी वेगळी घ्या. उंदीर तिच्या शेजारी ठेवा, लांब न्हाय. आणि टेबल मी कापतो."

"कापतो म्हणजे?" मल्लिनाथ आतून बाहेर आले.

"पाय. तीन बोटं."

आता हे टेबल साधं नव्हतं. माझे वडील होटगीला रेल्वेत होते. माझ्या लग्नात त्यांनी ते सागवानी टेबल मुद्दाम करवून घेतलं होतं. वडील गेले, टेबल राहिलं. त्याच्यावर गरम भांडं ठेवलेलं मला चालत नाही. पण माझ्याआधी मल्लिनाथच उसळले.

"मामा, सासऱ्यांनी दिलेलं टेबल आहे ते! त्याचे पाय कापायचे?"

"मग काय ताईंचं हात कापायचं?"

मल्लिनाथ माझ्याकडे बघायला लागले. मी टेबलाकडे बघत होते. वडिलांना विचारायची सोय असती तर ते काय म्हणाले असते, हे मला ठाऊक होतं. ते पहिल्यांदा करवत कुठली आणली ते बघायला उठले असते.

"कापा," मी म्हणाले.

मामांनी कापलं. प्रत्येक पाय तीनदा मोजला, मग खूण केली, मग पुन्हा मोजला. करवतीचा आवाज सुरू झाला तसे मल्लिनाथ गॅलरीत जाऊन उभे राहिले. चारही पाय झाल्यावर मामांनी टेबलावर ताटलीत काठोकाठ पाणी ठेवलं आणि टेबल हलवून बघितलं. थेंब सांडला नाही. कापलेले तुकडे त्यांनी वाया जाऊ दिले नाहीत. माळ्यावरचा एक जुना चौरंग काढला, त्याच्या पायांना ते चार तुकडे ठोकले आणि लॅपटॉप त्याच्यावर चढवला. पडद्याची वरची कड बरोब्बर माझ्या डोळ्यांसमोर आली. टेबलाच्या कडेला टॉवेलची गुंडाळी, म्हणजे हाताला धार लागू नये. पायाखाली फळी. मी बसले, हात ठेवले. माझे खांदे आपोआप खाली आले. कितीतरी दिवसांत ते एवढे खाली आले नव्हते.

"झालं?" मी विचारलं.

"निम्मं झालं. निम्मं तुमच्याकडं हाय. माग सुद्धा सारखं चालवत नसतंय. अर्ध्या तासाला उठायचं, हात सोडायचं, दोन मिनिटं फिरायचं."

मी मोठ्या उत्साहानं हो म्हणाले आणि दुसऱ्याच दिवशी विसरले. एकदा बोलणाऱ्याचा ओघ लागला की उठवत नाही. पण मामा विसरले नव्हते. दर अर्ध्या तासानं खालून काठीनं छताला, म्हणजे माझ्या जमिनीला, ठोके पडायला लागले. ठक, ठक. उठलेच नाही तर ठक ठक ठक. एकदा मी बसल्या जागी नुसतेच पाय आपटले, म्हणजे त्यांना वाटावं चालतेय. खालून आवाज आला, "ताई, एका जागी कोण चालतंय हो?" तेव्हापासून गॅलरीत जाऊन, हात खाली सोडून, त्यांना दाखवायचं ठरलं. पहिले आठ दिवस मी मनात त्यांना भरपूर बोलले. मग सवय झाली. मग समोरच्या घरातल्या दोन बायकाही त्याच वेळी गॅलरीत येऊन हात सोडायला लागल्या.

दीड-दोन महिने गेले. पट्टा सुटला. मुंग्या आधी संध्याकाळपुरत्या राहिल्या, मग गेल्या. एका दुपारी मी पीठ मळलं आणि भाकरी थापली. एक, दोन, पाच. हात लुळा पडला नाही. मल्लिनाथ स्वयंपाकघराच्या दारात येऊन नुसते उभे राहिले होते. पहिली भाकरी तव्यावर फुगली तेव्हा म्हणाले, "मामांना नेऊन दे की आधी."

मी शेंगाची चटणी कुटली, एका डब्यात भाकऱ्या आणि चटणी घातली आणि खाली गेले. खरं सांगायचं तर तोवर मी त्यांच्या घरात पाऊलच ठेवलं नव्हतं. मामा नेहमी बाहेरच भेटायचे. आत बोलवायची वेळ आली की "पसारा लई हाय" म्हणायचे. त्यांच्या बायकोला, नागमणीअक्कांना, दोन वर्षांत मी चार-पाच वेळा पाहिलं असेल, तेही दाराच्या आत, हात पदराखाली. हळदीकुंकवाला त्या कधी आल्या नाहीत. गल्लीत बायका म्हणायच्या, "लई ताठ बाई हाय." मीही म्हणाले असेन.

दार वाजवलं. आतून अक्कांचा आवाज आला, "ढकला, उघडंच हाय."

दाराला कडी नव्हती. कडीच्या जागी जाड दोरीचा मोठा फास होता, मनगट घालून ओढता येईल असा. आत मोरीच्या नळाला हातभर लाकडी दांडा बसवलेला होता. फळीवर दोन-दोन कानांचे पेले. चमच्यांच्या दांड्यांना टॉवेलच्या चिंध्या गुंडाळून मुठीएवढं जाड केलेलं. पाण्याचा माठ तिरका होणाऱ्या घडवंचीवर. आणि या सगळ्याच्या मधे अक्का चटईवर बसलेल्या.

मी डबा पुढे केला. त्या क्षणभर थांबल्या. मग त्यांनी पदराखालून हात बाहेर काढले आणि डबा दोन्ही मनगटांवर झेलून घेतला. बोटं आत वळून तळव्याला टेकली होती.

"मामा नाहीत?"

"स्क्रू आणायला गेलंय," अक्का म्हणाल्या. तेवढ्यात मामा आलेच. मला आत बसलेली बघून ते उंबऱ्यात थबकले.  मग ते माझ्यासमोर भिंतीला टेकून बसले.

"विड्या वळायची," ते म्हणाले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांच्या बोलण्यात कुणीतरी स्त्रीलिंगी झालं. "लग्न होऊन आली तेव्हापासून. मांडीवर सूप, मान खाली. विड्या वळता वळता बोटंच वळली."

अक्कांनी डबा हळूच चटईवर ठेवला.

"मी मालकाच्या मागाचं सेटिंग करायला जायचो. केसाएवढा फरक मला दिसायचा, ताई. लांबून दिसायचा. आमची खोली एवढी बारकी, की ही दारातच पाय पसरून बसायची, आणि मी रोज हिच्या पायावरून उडी मारून कामाला जायचो. रोज. एकदा थांबून बघितलं न्हाय, कशी बसलीय." त्यांनी स्क्रूची पुडी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "एक पाट आणि एक लोड. एवढंच लागत होतं हो."

मग ते एकदम उठले. "थांबा, तुमाला दाखवतो," म्हणाले आणि मागच्या अंगणात गेले. तिथून ठोकाठोकीचा आवाज यायला लागला.

अक्कांनी मला जवळ बोलावलं. "टेबल करायलंय माझ्यासाठी. लेकीचं फोन येतंय ना तेलंगणातून, तोंड दिसायचं फोन. मला धरायला येत न्हाय. म्हणून फोन ठेवायचं टेबल."

"छान की."

"पाचवं हाय." त्या हसल्या. मी त्यांना पहिल्यांदाच हसताना बघितलं. कोपऱ्यात भिंतीला लावून ठेवलेली चार ठेंगणी टेबलं त्यांनी हनुवटीनं दाखवली. "पहिलंच बरोबर होतं."

"मग तुम्ही सांगितलं नाही त्यांना?"

अक्का अंगणाच्या दाराकडे बघून हळू आवाजात बोलल्या. "माझं हात आता दुखत न्हाय ताई. लई वर्सं झाली. वळायचं तेवढं वळलं, दुखायचं थांबलं. पण हे रिकामं बसलं की माझ्या हाताकडं बघत बसतंय. जेवत न्हाय. म्हणून मी म्हणते, जरा चुकलंय. मग उठतंय, बाजारात जातंय, लाकूड आणतंय. तुमच्याकडं येऊन गेलं त्या रात्री पोटभर जेवलं बघा."

मामा टेबल घेऊन आले. सुरेख केलं होतं. फोन बसायला तिरकी खाच, बटण दाबायला कापसाचा गोळा लावलेली काडी, दोन्ही बाजूंना हात टेकायला टॉवेल गुंडाळलेले दांडे. त्यांनी ते अक्कांच्या पुढ्यात मांडलं, स्वतः गुडघ्यांवर बसून त्यांचे हात एकेक उचलून दांड्यांवर ठेवले आणि श्वास धरून बघत राहिले.

अक्कांनी हात ठेवून पाहिले, थोडं हलवून पाहिले. तोंड जरासं वाकडं केलं.

"इंका कोंचम् पैकि," त्या तेलुगूत म्हणाल्या. दोन वर्षांत मला एवढं कळायला लागलं होतं. आणखी थोडं वर.

मामांचा चेहरा उजळला. "वर?" ते माझ्याकडे वळले. "ताई, तुमी सांगा. तुमाला काय वाटतंय?"

मी खाली वाकून, एक डोळा बारीक करून, नीट वेळ घेऊन बघितलं. टेबल अगदी बरोबर होतं.

"हो मामा," मी म्हणाले, "किंचित खालीच आहे."